सहा इंच

आमच्या हॉलच्या भिंतीला बाबांच्या डोक्याचा डाग होता. दिवाणावर पाय पसरून, मागे डोकं टेकून ते पेपर वाचायचे. सकाळी लोकल गाठायच्या आधी नुसते मथळे आणि रात्री परतल्यावर उरलेलं सगळं, अगदी निविदासूचनांसकट. खोबरेल तेल डोक्याला चोपडल्याशिवाय त्यांना घराबाहेर पडल्यासारखं वाटत नसे. १९८९ साली आम्ही कल्याणच्या पारनाक्याजवळची चाळ सोडून डोंबिवलीत या फ्लॅटमध्ये आलो आणि दोन-तीन वर्षांतच भिंतीवर तो उमटला. बशीएवढा, मध्ये गडद, कडेकडेला फिकट होत गेलेला. घराला रंग काढला की दिवाळीपुरता नाहीसा व्हायचा आणि होळीपर्यंत परत हजर. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. डाग होता तिथेच होता.

वॉलपेपरची कल्पना बायकोची. मला ती आवडली, कारण माणूस लावायचा नाही, आपणच लावायचा असं तिने ठरवलं होतं आणि माझ्या हाताला बऱ्याच वर्षांत माउसपलीकडे काही काम नव्हतं. विरोध आईचा.

"कागद फळीला लावतात," ती म्हणाली. "भिंतीला चुना."

चाळीत हा नियमच होता. दिवाळीच्या आधी चुन्याच्या खड्यांवर पाणी ओतलं की बादली खदखदायला लागायची. निवल्यावर त्यात चिमूटभर नीळ, थोडा सरस, आणि मग कुंचा. फळ्यांना मात्र जुने पेपर. त्यांच्या लोंबत्या कडेला आई कात्रीने करवतीसारखे दाते काढायची. भिंत ही तिच्या लेखी दरवर्षी कात टाकणारी वस्तू, आणि हे मत तिचं एकटीचं नाही. आता पालघरमध्ये मोडणाऱ्या, पण २०१४ पर्यंत आमच्या ठाणे जिल्ह्यातच असलेल्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढतात. पुढे भिंत सारवली की चित्रही तिच्यासोबत जातं. जिव्या सोमा मशे यांनी ते कागदा-कॅनव्हासवर नेलं, जगभर पोचवलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ठाण्याच्या दुकानात कॅटलॉग चाळताना तेच तारपा धरलेले, फेर धरून नाचणारे लोक आम्हाला रोलवर छापलेले दिसले. भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून परत भिंतीवर. फक्त आता सारवायची सोय नाही.

आम्ही पानं आणि पक्षी घेतले. या धंद्याचं ते जुनंच भांडवल. विल्यम मॉरिसने १८६२ साली आपला पहिला वॉलपेपर आखला तो जाळीवर चढलेल्या गुलाबांचा. त्यातले पक्षी त्याच्या मनासारखे उतरेनात, म्हणून ते त्याने फिलिप वेब या मित्राकडून काढून घेतले. त्याच्याही आधी, १७१२ ते १८३६ पर्यंत, इंग्लंडात छापील कागदावर करच होता. लोक साधा कागद आणून चिकटवत, वरून हाताने नक्षी काढून घेत आणि कर वाचवत. हे वाचलं आणि ती माणसं मला एकदम आपल्या सोसायटीतली वाटली.

दुकानदाराने एकच प्रश्न विचारला, "भिंत बाहेरची की आतली?" चार महिने पाऊस खाल्लेल्या बाहेरच्या भिंतीला हा प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचा कागद लावला की ओल आतल्या आत कोंडते आणि मागे बुरशी धरते. आमची भिंत आतली. तरी दसरा होऊ दिला, भिंतीला चांगलं ऊन नाही तरी उकाडा लागू दिला.

हिशेब मी केला. भिंत ११ फूट रुंद, ९ फूट उंच, म्हणजे ९९ चौरस फूट. रोल २१ इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे साधारण ५७ चौरस फूट. दोन रोल घेतले तरी वर १५ फूट शिल्लक. तिसरा कशाला?

पहिले दोन दिवस डागाशी झटापट झाली. धुण्याच्या सोड्याचं पाणी, सँडपेपर, पुन्हा सोडा. रंगाच्या दुकानातल्या माणसाने बजावलं होतं की पाण्याच्या प्रायमरमधून तेल वर येतंच, तिथे ऑइल प्रायमरच हवा. घासता घासता दिवाणावर टेकून बसलो तर माझं डोकं डागाच्या दोन बोटं वर आलं. मी बाबांपेक्षा उंच आहे हे मला कधी मोजून माहीत नव्हतं. आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन बघत उभी राहिली. आता ती काही बोलेल, डोळ्यांना पदर लावेल, असं वाटून मी हात थांबवला.

"बरं झालं गेला," ती म्हणाली. "तीस वर्षं सांगत होते, मागे टॉवेल टाका म्हणून."

खळ बायकोने केली. मी पाण्यात पावडर एकदम ओतणार होतो. तिने डबा काढून घेतला आणि पिठल्याला पीठ लावतात तसं एका हाताने भुरभुरत, दुसऱ्याने ढवळत राहिली. एक गुठळी नाही. बाबा दिवाळी अंक घरीच बांधायचे तेव्हा त्यांच्या खळीत झुरळांसाठी मोरचूद असायचं, तिची निळसर छटा आणि आंबूस वास. ही खळ पांढरी होती, बिनवासाची, मला जरा नाटकी वाटली. कागदाच्या पाठीला ती लावायची, ओल्या बाजू एकमेकींवर दुमडून पाच मिनिटं थांबायचं. कागद पाणी पिऊन ताणतो. भिंतीवर जाऊन ताणला तर फुगे, म्हणून त्याला आधीच ताणून घेऊ द्यायचं. पंखा बंद. ऑक्टोबरच्या उकाड्यात पंखा बंद करून स्टुलावर उभं राहिल्याशिवाय या कलेचं मोल कळत नाही.

कोपऱ्यापासून सुरुवात करणार तेवढ्यात बायको म्हणाली, "अरे, आधी ओळंबा लाव." घरात ओळंबा कुठला? चाळीतल्या खोलीचं पितळी कुलूप आईने अजून जपून ठेवलंय, किल्ली हरवली तरी. ते दोऱ्याला बांधून छताजवळून सोडलं. कुलूप डुललं, डुलायचं थांबलं. वर दोरा कोपऱ्याला चिकटलेला होता आणि खाली त्याच्यात नि कोपऱ्यात पाऊण इंच फट. इतकी वर्षं आम्ही याच कोपऱ्याला चिकटवून कपाट ठेवलं, देवघर ठेवलं, गणपती बसवला. कोणालाच तो वाकडा दिसला नाही. कागदाला दिसला असता, कारण पहिली पट्टी कोपऱ्याच्या भरवशावर लावली असती तर सातवीपर्यंत पक्षी पार उताणे झाले असते. पेन्सिलीने दोऱ्याच्या रेघेवर खूण केली आणि तिथून निघालो.

हो, सात पट्ट्या. हे मला सहाव्या पट्टीनंतर कळलं. नक्षी दर २१ इंचांनी परत येते. शेजारच्या पट्टीवरच्या अर्ध्या पक्ष्याला त्याचा उरलेला अर्धा मिळायला हवा, म्हणून प्रत्येक पट्टी साडेदहा फुटांची कापावी लागते. ३३ फुटांत अशा तीनच बसतात, बाकी कातरण. दोन रोल, सहा पट्ट्या, १२६ इंच. भिंत १३२ इंचांची. चौरस फुटांत १५ फूट शिल्लक होती ती सगळी फरशीवर, तुकड्यांत, पक्ष्यांच्या चोचीनिशी पडली होती आणि भिंतीच्या शेवटाला सहा इंच पांढरं ढळढळीत दिसत होतं.

बायको काही म्हणाली नाही. तिने हिशेबाची चिठ्ठी उचलली, वाचली आणि फ्रिजवर चुंबकाने लावून ठेवली.

दुसऱ्या दिवशी परत ठाणे. डिझाइन तेच होतं, लॉट नंबर वेगळा. "उन्नीस-बीसचा फरक," दुकानदार म्हणाला. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये तो दिसला नाही. घरी खिडकीतल्या उजेडात रोल उघडून भिंतीला लावून धरला तर पानं चांगली दोन पावसाळे जास्त हिरवी. उघडलेला रोल दुकान परत घेत नाही. तो माळ्यावर गेला. सहा इंचांपुढे उभा पडदा सरकवला आणि पाहुण्यांना आम्ही तो बाजूला करू देत नाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दुपारी कामावरून लवकर आलो तर आई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, मांडीवर कात्री. शेजारी तो माळ्यावरचा रोल, निम्म्याहून जास्त संपलेला. डब्यांची फळी वितीने मोजून तिने अंथरली होती आणि कडेला करवतीचे दाते चालले होते. दात्यांत दोन पक्ष्यांच्या शेपट्या गेल्या होत्या.

"हा हिरवा चांगला आहे," ती मान वर न करता म्हणाली. "तिकडचा जरा मळकट दिसतो."