माझी जुनी तारीख कुठंय?

आमची कंपनी विकली गेल्याचं आम्हाला गेटवरची पाटी बदलली तेव्हा कळलं. भोसरीतलं छोटं युनिट. आठवड्याभरात एचआरने प्रत्येकाच्या हातात दोन कागद ठेवले. एक जुन्या कंपनीचा राजीनामा, दुसरं नव्या कंपनीचं नेमणूकपत्र. पगार तोच, शिफ्ट तीच. "नुसती फॉर्मॅलिटी आहे, सह्या करा."

लेथवरच्या काकांची नोकरी सतरा वर्षांची, माझी चार. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि मला विचारलं, "यात माझी जुनी तारीख कुठंय रे?"

सगळी मेख त्या तारखेतच होती. एका कामगार वकिलाने आम्हाला १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातलं कलम २५ एफएफ समजावलं. उद्योग नव्या मालकाकडे गेला, तर वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कपातीसारखीच नोटीस आणि भरपाई मिळते : दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ती टळते तीन अटींवर. नोकरीत खंड नको, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि पुढे कपात झालीच तर नव्या मालकाने जुनी वर्षंही मोजायला हवीत. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे.

कंपनीचे फक्त शेअर्स विकले गेले, तर कंपनी तीच राहते आणि नोकरीही. तिथे राजीनाम्याचा प्रश्नच येत नाही.

आमच्याकडे मात्र राजीनामा म्हणजे 'स्वखुशीने सोडली'. काकांच्या २५५ दिवसांच्या पगारावर पाणी. त्यांना ग्रॅच्युइटी तरी मिळाली असती. माझी पाच वर्षं भरली नव्हती, म्हणजे मला तीही नाही.

आम्ही सह्या केल्या नाहीत. एकच ओळ लेखी मागितली : 'मूळ रुजू तारखेपासून सेवा सलग धरली जाईल.' तीन आठवडे एकेकाला केबिनमध्ये बोलावणं चाललं. कुणाला गोडीने, कुणाला दमात घेऊन. काका प्रत्येक वेळी तारखेचंच विचारत राहिले. अखेर ती ओळ आली. मॅनेजर लोकांना हे कलम लागू नव्हतं. त्यांना आपापल्या नेमणूकपत्राच्या जोरावरच बोलावं लागलं.

माझ्या शेजारच्या मशीनवरचा मुलगा ठेकेदारामार्फत आलेला. कागदोपत्री त्याचा मालक ठेकेदारच, त्यामुळे त्याला सही करायलासुद्धा कुणी बोलावलं नाही. महिन्याभरात तो यायचा बंद झाला.