डावखुऱ्या हाताचं पिस्तूल

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून दचकू नका. आमच्याकडे दरोडा पडलेला नाही की कुणाशी हाडवैर जडलेलं नाही! माझी धाकटी नववीत आहे आणि गेली दोन वर्षं ती नेमबाजी शिकते आहे. दहा मीटर एअर पिस्तूल हा तिचा प्रकार. इतके दिवस क्लबाच्या पिस्तुलावर भागत होतं. या उन्हाळ्यात तिच्या सरांनी सांगितलं, ‘‘आता तिला स्वतःचं घ्या.’’ झालं, घरात खलबतं सुरू झाली.

तुमच्याही घरी ही वेळ येणारच नाही, असं समजू नका. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवलं. नेमबाजीत आशियाई सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हापासून आमच्या भागात पिस्तूल हा शब्द मुलींच्या तोंडी काही नवा राहिलेला नाही.

आधी हे काय प्रकरण आहे ते सांगते. यात दारूगोळा नसतो. नळीखालच्या छोट्या सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरलेली असते, तिच्या जोरावर साडेचार मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. या पिस्तुलाला परवाना लागत नाही. २५ मीटरचं खरं काडतुसाचं पिस्तूल घ्यायचं झालं, की तो लागतो. वजन असतं किलोभर. ते एका हाताने, हात सरळ लांब करून धरायचं, दुसऱ्या हाताचा आधार चालत नाही. पाऊण नव्हे, सव्वा तासात साठ नेम. आणि दहा गुणांचं वर्तुळ केवढं, तर साडेअकरा मिलिमीटरचं. शर्टाची गुंडी दहा मीटरवर ठेवून बघा, म्हणजे कळेल! किलोभराची साखरेची पिशवी हात लांब करून धरून पाहिली मी. दोन मिनिटांत खांदा बोलायला लागला.

किंमत? चांगलं परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढेच. भिशीचे, पोस्टातले आणि ह्यांच्या बोनसचे मिळून जमत होते, पण ‘जमतात’ आणि ‘घालावेत’ यांत किती अंतर असतं ते तुम्हाला सांगायला नको.

बाजारात नावं पुष्कळ. स्टेअर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, फाइनवेर्कबाऊ. मुलं ही नावं आपण साड्यांची नावं घेतो तशी घेतात आणि अमक्या चँपियनच्या हातात कोणतं होतं यावर भांडतात. सरांनी मात्र एका वाक्यात निकाल लावला. म्हणाले, ‘‘शिकंज्यात बांधून उडवलं तर यातलं कुठलंही एकाच भोकात छर्रे घालतं. शिकंजा म्हणजे तुमच्या मुलीचा हात. तो बघून घ्या.’’

म्हणजे पहिली पारख मुठीची. ती लाकडी असते, लहान-मध्यम-मोठ्या मापात येते. पिस्तूल हातात देऊन मुलीला डोळे मिटायला सांगायचं, हात वर करून नेम धरायला लावायचं आणि मग डोळे उघडायला सांगायचं. पुढची पट्टी मागच्या खाचेत आपोआप बसली तर मूठ हाताची आहे. मनगट वळवून बसवावी लागली, तर मूठ दुसऱ्या कुणाची तरी आहे. बोटाचं पहिलं पेर चापावर सहज टेकतं का तेही बघायचं. आपण मुलांचे गणवेश वाढत्या अंगाचे घेतो ना, तो हिशेब इथे साफ चुकतो. सैल मुठीत पिस्तूल दर नेमाला थोडं वेगळं बसतं, आणि ‘थोडं’ म्हणजे दहा मीटरवर गुंडीच्या बाहेर.

आता खरी मेख. माझी लेक डावखुरी. लहानपणी विळीवर बसली की सासूबाई ओरडायच्या, पंगतीत डाव्या हाताने वाढायला गेली की कुणीतरी हात धरायचं. रेंजवर मात्र पहिल्याच दिवशी सरांनी दोन्ही तळव्यांची खिडकी करायला लावून तिचा डोळा तपासला. तोही डावाच निघाला. ‘‘मग प्रश्नच मिटला,’’ म्हणाले आणि क्लबातली एकुलती एक डावी मूठ तिला काढून दिली.

घरी प्रश्न मिटला नव्हता. भावजी आले, व्यवहारी माणूस. म्हणाले, ‘‘वहिनी, उजव्या हाताचं घ्या. तीन वर्षांनी बारावी, मग कॉलेज, मग लग्न. तेव्हा विकायला काढाल, तर डावखुरं कोण घेणार?’’ सासूबाईंनी मान हलवली. ह्यांनीही थोडी हलवली, मला दिसलं. लेक तिथेच होती. काही बोलली नाही, उठून आत गेली.

मला राग भावजींचा आला नाही. त्यांनी जे बोलून दाखवलं ते घरात सगळ्यांच्याच मनात होतं. वस्तू घेण्याआधीच ती विकण्याचा दिवस ठरला होता! मुलाचं क्रिकेटचं किट आणलं तेव्हा कुणी विचारलं नव्हतं, की हे पुढे कोण घेईल.

मी दुसऱ्या दिवशी सरांना फोन केला. व्यवहाराचं उत्तर सोपं निघालं. पिस्तूल तेच, मूठ वेगळी. ती स्क्रूवर बसते आणि उजवी मूठ सुटीही मिळते. भावजींना तेवढंच सांगितलं. उरलेलं ह्यांना सांगितलं, रात्री, दार लावून. डावी मूठ मागवली. दोन महिने वाट बघावी लागली.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. चाप ओढायला कमीत कमी पाचशे ग्रॅम जोर लागलाच पाहिजे असा नियम आहे. स्पर्धेआधी वजन टांगून तपासतात. काही चाप विजेच्या सर्किटवर चालतात, काही साधे यांत्रिक. विजेचा फार मऊ असतो म्हणतात. पण २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ५७५ गुण मिळवूनही तिची अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये तिनेच दोन कांस्यपदकं आणली, ते वेगळं. जवळपास दुरुस्ती करणारं कुणी नसेल तर साधा चाप बरा, असं माझं मत. आम्ही तोच घेतला.

जुनं घेणार असाल तर सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. मुदत साधारण दहा वर्षांची असते. मुदत संपलेलं सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि धोक्याचंही असतं. नळी लांब, पुढे वजन जास्त, तर हात स्थिर वाटतो, पण चाळिसाव्या नेमानंतर कोवळा खांदा उतरतो. लहान मुलींसाठी आखूड, हलकं बघावं. आणि एक घरची सूचना. छर्रे शिशाचे, तेव्हा रेंजवर खाणं नाही आणि घरी आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय डब्याला हात नाही. पिस्तूल कुलपात, किल्ली माझ्याकडे.

आता रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं ती कोऱ्या भिंतीकडे तोंड करून, छर्रा न घालता नुसता नेम धरते. मुठीचा एक उंचवटा करंगळीला टोचत होता, तो पॉलिश पेपरने रोज थोडा थोडा घासते आहे. लाकडाचा भुसा माझ्या देवघरासमोर पडतो. परवा सासूबाईंनीच केरसुणी घेऊन तो झाडला आणि विचारलं, ‘‘अजून किती घासायचंय गं?’’