हरणीचं ताट

आमच्या सोसायटीतल्या जवळजवळ प्रत्येकाने मला कधी ना कधी एक प्रश्न विचारलेला आहे. "साहेब, हिला जेवायला घालता ना?" प्रश्न प्रेमापोटीच असतो, त्यामुळे चिडता येत नाही. हरणीच्या बरगड्या मोजता येतात, पोट पाठीला लागलेलं आणि पाय म्हणजे निव्वळ काड्या. लिफ्टमधल्या एका आज्जींनी तर पर्समध्ये खास तिच्यासाठी बिस्किटाचा पुडा ठेवायला सुरुवात केली होती. त्यांना सांगून सांगून दमलो की आज्जी, ही जात अशीच असते, ही जाडी झाली तर उलट काळजी करायची.

हरणी कारवान जातीची आहे. सोलापूर, सांगली, लातूर भागात 'कारवानी' म्हणतात, सीमेपलीकडे कर्नाटकात तीच 'मुधोळ हाउंड'. मुधोळचे घोरपडे संस्थानिक मराठे. त्यातल्या मालोजीराव घोरपड्यांनी या कुत्र्यांची जोपासना केली म्हणून ते नाव. २००५ साली पोस्टाने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात एक मुधोळ हाउंडचं होतं. २०१६ मध्ये सैन्याने काही पिल्लं मेरठच्या केंद्रात प्रशिक्षणासाठी नेली. थोडक्यात काय, तर आपल्या मातीतली कर्तबगार जात आहे, पण पुण्यात रस्त्यावर घेऊन निघालं की लोक विचारतात, "ग्रेहाउंड का? इम्पोर्टेड?" असो.

तर मुद्दा खाण्याचा. हरणी घरी आली तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच, आणि मी नवीन काहीही आणलं की आधी त्याची एक्सेल शीट करणारा माणूस. कुत्र्यांच्या 'रॉ डाएट'बद्दल ऑफिसातल्या एका मित्राकडून ऐकलं. ही कल्पना लोकप्रिय केली इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्याने. १९९३ साली त्याचं पुस्तक आलं. म्हणणं साधं : कुत्रा लांडग्याचा वंशज, लांडगा काही कुकर लावत नाही, तेव्हा कुत्र्याला कच्चं मांस आणि कच्ची हाडं द्या. त्यातूनच पुढे ८०:१०:१० असं एक सूत्र रूढ झालं. ऐंशी टक्के मांस, दहा टक्के हाड, दहा टक्के अवयव, आणि त्यातली निम्मी कलेजी.

सूत्र म्हटलं की इंजिनियरला बरं वाटतं. हरणी पूर्ण वाढ झालेली, वजन २३ किलो. दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं द्यायचं असतं. ही रोज पळणारी, म्हणून तीन टक्के धरले, म्हणजे साधारण ७०० ग्रॅम. त्यात हाड ७० ग्रॅम. पण इथे एक मेख आहे. ७० ग्रॅम हाड म्हणजे कोंबडीच्या ७० ग्रॅम माना नव्हेत. मानेत हाड साधारण एक तृतीयांश असतं, बाकी मांस आणि कातडी. म्हणजे माना झाल्या २०० ग्रॅम. उरलेलं मांस बिनहाडाचं, पेटा, आणि ३५ ग्रॅम कलेजी. कलेजी मोजूनच घालायची, कारण जास्त झाली तर व्हिटॅमिन ए अंगात साठतं. उरलेल्या ३५ ग्रॅमसाठी गुर्दा किंवा तिल्ली. बावधनमधल्या चिकनवाल्याला पहिल्यांदा "दीड किलो माना द्या" म्हटलं तेव्हा त्याने माझ्याकडे, मग माझ्या लॅपटॉप बॅगेकडे बघितलं, आणि अत्यंत सहानुभूतीने पैसे कमी लावले.

बायको शाकाहारी. तिने एकच अट घातली, फ्रीज वेगळा. मग बाल्कनीत एक छोटा सेकंडहँड फ्रीज आला. रविवारी दुपारी मी वजनकाटा घेऊन बसायचो आणि आठवड्याचे चौदा डबे भरायचो. दिवसाला दोन, कारण खोल छातीच्या कुत्र्यांना एकदम पोटभर घालून पळू दिलं तर पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो. त्यावर तासाभरात डॉक्टर गाठावा लागतो. म्हणून जेवण विभागून, आणि जेवणानंतर तासभर सक्तीची झोप. झोपेच्या बाबतीत सक्तीची गरज नव्हती म्हणा. ही जात पहाटे टेकडीवर वाऱ्यासारखी सुटते आणि उरलेला दिवस सोफ्यावर मेल्यासारखी पडून असते.

दीड वर्ष हे चाललं. छान चाललं. दात मोत्यासारखे, शी कोरडी आणि थोडी, अंगावर तकाकी. नुसती बरगड्यांवर गेलेली मंडळीसुद्धा म्हणायला लागली, "चमकायला लागली की हो!"

पण एक किडा डोक्यात होता. 'पूर्वजांचा आहार' म्हणजे नक्की कुठल्या पूर्वजांचा? हरणी जिथून आणली ते घर सांगोल्याच्या बाजूचं, मेंढपाळांचं. आणतानाच मी विचारलं होतं, "मामा, हिच्या आईला काय घालता?" मामा म्हणाले, "काय घालणार? जवारीची भाकर अन् ताक. ससा घावला तर तिचं नशीब, पर आता शिकार बंद. आन् बकरं कापलं की आपल्याला नको आसंल ते तिलाच की."

म्हणजे हरणीची आई, आजी, पणजी भाकरीवर पळत होत्या, आणि ससा मागे टाकण्याइतक्या पळत होत्या. याला विज्ञानाचाही दुजोरा आहे. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांचा अभ्यास आला. त्यात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यात दोनच, कुत्र्यांत मात्र कितीतरी जास्त. माणसाने शेती धरली आणि त्याच्या उष्ट्यावर जगता जगता कुत्र्याचं पचन लांडग्यापेक्षा वेगळं होत गेलं. कुत्र्याला मांस लागतंच, तो गाय नव्हे, पण भाकरी त्याला परकी नाही. त्याच्या इतिहासात भाकरी आहे.

तोवर हा सगळा मामला माझ्या दृष्टीने चवीच्या चर्चेइतकाच होता. मग मुलगी झाली.

मुलगी रांगायला लागली तेव्हा हरणीच्या लसीकरणासाठी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी वजन घेतलं, दात बघितले, शाबासकी दिली, आणि मग सहज विचारलं, "मटणाचे अवयव कच्चेच देता ना? आणि घरात बाळ आहे?" पुढची वीस मिनिटं त्यांनी एका कागदावर चित्र काढून मला जे समजावलं ते इथे लिहितो, कारण या लेखाचं कारणच ते आहे.

शेळ्यामेंढ्यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात कधीकधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यांना हायडॅटिड सिस्ट म्हणतात. ती गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात पट्टकृमी वाढतात. हे कृमी जेमतेम काही मिलिमीटरचे. कुत्र्याला काहीही होत नाही. तो खातो, पळतो, चमकतो. पण त्याच्या शीतून कृमींची अंडी बाहेर पडतात, त्याच्या अंगाला चिकटतात, आणि त्याच्या गळ्यात पडणाऱ्या, मग तोच हात तोंडात घालणाऱ्या पोराच्या पोटात जातात. माणसात गाठ बहुतेकदा यकृतात होते, नाहीतर फुप्फुसात. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते आणि पुढे कधीतरी सोनोग्राफीत सापडते. अनेकदा ऑपरेशन करावं लागतं.

मामांचं "नको आसंल ते तिलाच की" मला तिथे आठवलं. हा रोग असाच फिरत राहतो : शेळीतून कुत्र्यात, कुत्र्याच्या शीतून चराऊ रानात, रानातून परत शेळीत. माणूस मध्येच सापडतो.

याखेरीज कोंबडीच्या कच्च्या मांसातले साल्मोनेला वगैरे जंतू आहेतच. फ्रीझरमध्ये ते मरत नाहीत, नुसते थांबतात. कुत्र्याला बाधले नाहीत तरी त्याच्या थाळीवर, जिभेवर, ओट्यावर राहतात. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ सालीच कच्च्या मांसाहाराविरुद्ध धोरण जाहीर केलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, तेव्हा संशय कोंबडीच्या मांसावरच गेला होता. वाघाला कच्चं मांस सोसत नाही असं कोण म्हणेल? प्रश्न मांस कुठून आलं याचा असतो.

घरी आलो, बायकोला सगळं सांगितलं. माझ्याकडे शीट होती, दीड वर्षाचे आकडे होते, 'आपण फक्त अवयव शिजवू' हा तडजोडीचा प्रस्तावही होता. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हरणीचं रिपोर्ट कार्ड चांगलं आहे रे. पण आता या घराच्या फरशीवर ती एकटी नाहीये."

यावर कुठलाही फॉर्म्युला चालत नाही.

तेव्हापासून हरणीचं जेवण शिजतं. मीठ-मसाला काही नाही, कांदा-लसूण तर अजिबात नाही, कुत्र्यांना तो विषारी. साधारण अर्धा किलो बिनहाडाचं चिकन, पूर्ण शिजवलेली थोडी कलेजी, दोन ज्वारीच्या भाकऱ्या कुस्करून, गाजर किंवा दुधी, एखादं अंडं, आठवड्यातून दोनदा कुकरमध्ये मऊ केलेली तारली. हाडं पूर्ण बंद, कारण शिजलेलं हाड कच्च्यासारखं चावलं जात नाही, त्याच्या अणकुचीदार कपच्या होतात आणि आतडं फाटू शकतं. पण हाड गेलं की कॅल्शियम गेलं, आणि नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर. हा हिशेब चुकला तर शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढतं. म्हणून अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमधून बारीक पूड. सपाट चमच्यात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम, हरणीला रोज पाऊण चमचा पुरतो. झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई घरच्या जेवणात कमी पडतात, त्यासाठी डॉक्टरांनी दिलेली पावडर. आणि ठरल्या तारखेला प्राझिक्वांटेल असलेली जंताची गोळी. नाव वाचून घ्यायची, कारण जंताचं प्रत्येक औषध पट्टकृमीवर चालत नाही.

तोटा झाला का? झाला. दात आता आपोआप मोत्यासारखे राहत नाहीत, मला रोज रात्री ब्रश घेऊन बसावं लागतं आणि हरणी त्या वेळी माझ्याकडे ज्या नजरेने बघते ती नजर मी फक्त क्लायंट कॉलवर बघितली आहे. पळणं मात्र तसूभरही कमी झालेलं नाही. टेकडीवर ती सुटली की बाकीचे कुत्रे उभे राहून बघतात.

तुमच्या घरात लहान मूल नसेल, म्हातारं माणूस नसेल, कुणाची केमो चालू नसेल, आणि तुम्हाला रॉ डाएट करायचंच असेल, तर तुम्हाला अडवणारा मी कोण? फक्त शेळ्यामेंढ्यांचे अवयव कच्चे घालू नका, गोळीची तारीख चुकवू नका, आणि हाडाचं गणित मानेच्या वजनावर करू नका.

माझी शीट अजून आहे. तिच्यात आता एक कॉलम वाढलाय, मुलीच्या वजनाचा. तिला हल्ली हरणीच्या भाकरीतला तुकडा लागतो, आणि आम्ही तो देतो.