मागे राहिलेल्यांची कविता

स्वतःच्या मरणावर लिहायला बसले की आपले कवी भलतेच ऐसपैस होतात. तुकोबा आपल्या मरणाचा सोहळाच मांडतात. आपण गेल्यावर लोक घटकाभर हळहळतील आणि कामाला लागतील, असं भा. रा. तांबे सांगतात, लताबाईंच्या आवाजात ते इतकं गोड वाटतं की ऐकता ऐकता आपणही कामाला लागलेलो असतो. मला आवडतात या कविता. पण घरातलं माणूस गेल्यावर त्या उपयोगी पडत नाहीत. तेव्हा लागते ती दुसऱ्याच्या मरणाची कविता. तिथे कवीचा तोल सुटलेला असतो. हात तेवढे कसल्या ना कसल्या कामात असतात.

नामदेवांचे समाधीचे अभंग घ्या. इ.स. १२९६, कार्तिक वद्य त्रयोदशी, आळंदी. ज्ञानदेव समाधिस्थ होणार. आणि नामदेव काय सांगतात, तर जागा झाडायला कोण कोण गेलं! त्यांचीच मुलं: नारा, विठा, गोंदा, महादा. केर काढल्याशिवाय कुठलंच कार्य होत नाही, हेही नाही. मग निवृत्तीनाथ. थोरला भाऊ, शिवाय गुरू. ज्ञान ज्याने दिलं, त्यालाच बाहेर येऊन समाधीवर शिळा ठेवावी लागली. नामदेव त्याला रडू देतात. ‘अहो, तुम्ही एवढे ज्ञानी’ असं म्हणून कुणी त्याचं तोंड मिटवत नाही. आपल्याकडे भेटायला येणारे निम्मे लोक नेमकं तेच करतात.

गोविंदाग्रजांची आई तर मरण कबूलच करत नाही. मांडीवरचं बाळ निजलंय, असं ती सगळ्यांना बजावते. कवितेत आसवं थोडी जास्त आहेत, असं माझं मत. तरीही ती मला एका दमात वाचवत नाही.

इंदिरा संतांकडे आसवं शोधावी लागतात. पती ना. मा. संत यांच्याबरोबर ‘सहवास’ हा संग्रह काढलेल्या या कवयित्रीला १९४६ साली वैधव्य आलं. पुढे त्या पावसाशी भांडल्या. कौलांवर तडातडा नाचू नकोस, गळतीखाली लावायला एवढी भांडी आणू कुठून? अंगावरचं जुनेर भिजवू नकोस. सगळी तक्रार घरच्या बाईची. ती करता करता, तुझं एवढं सोसलं तर माझं एवढं ऐक, म्हणून त्या सहज मागून घेतात: वाटेवरच्या सख्याला माघारी आण. भांड्यांचा हिशेब चालू असताना हे मागणं येतं, म्हणून ते काळजात घुसतं. नुसती विरहाची कविता असती तर मी मान डोलावून पान उलटलं असतं.

आणि बहिणाबाई. ऐन तिशीत नवरा गेला, पदरी मुलं. त्या काय गेलं ते सांगतात आणि लगेच काय उरलं तेही: कुंकू पुसलं, गोंदण राहिलं, बांगड्या फुटल्या, मनगट राहिलं. शेतकरणीने पीक बुडाल्यावर बांधावर उभं राहून घ्यावा तसा हा अंदाज आहे. त्यात स्वतःची कीव औषधालाही नाही. इतकं झाल्यावर दारात जोशी येतो, हात बघू म्हणतो. बाई त्याला सरळ वाटेला लावतात. माझं नशीब मला ठाऊक आहे, पुन्हा इकडे फिरकू नकोस!