पुढे पाठविण्यापूर्वी



मोबाईलने डोळे बिघडतात, मान दुखते, झोप कमी होते, हे आपण मुलांना नेहमी सांगतो. ते खरेच आहे. परंतु मोबाईलवरच्या एका संदेशाने माणसाचा जीवही जातो, हे आपल्या बीदर जिल्ह्याने पाहिले आहे. आज खालच्या वर्गांत बसणाऱ्या मुलांना ही हकीकत ठाऊक नसेल, म्हणून ती सांगतो.

१३ जुलै २०१८ रोजी काही मित्र मोटारीने औराद भागात आले होते. वाटेत त्यांच्यापैकी एकाने शाळेच्या मुलांना चॉकलेटे दिली. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवा गावोगावी मोबाईलवर फिरत होत्या. लोकांना संशय आला, बाचाबाची झाली, कोणीतरी चित्रण करून व्हॉट्सॲपवर टाकले. मोटार मुर्की गावी पोचण्याआधी संदेश पोचला होता. तेथे रस्ता अडविला गेला, मोटार खड्ड्यात गेली आणि जमाव तुटून पडला. सोडवायला गेलेले पोलीसही जखमी झाले. हैदराबादचा ३२ वर्षांचा एक संगणक अभियंता प्राणास मुकला. मूल कोणाचेच पळविले गेले नव्हते.

त्याच्या बाराच दिवस आधी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना याच संशयावरून जमावाने ठार मारले होते.

या अफवांबरोबर मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचा एक व्हिडिओ फिरत होता. तो मुळात कराचीत तयार झालेली जनजागृतीची जाहिरात होता. तिच्या शेवटी मूल परत आणून सोडतात. तो शेवट कापून उरलेला भाग खरी घटना म्हणून पसरविला गेला. पाहणाऱ्याला ते कळणार कसे?

त्याच जुलैमध्ये व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविता येईल अशी मर्यादा घातली. पण पाच जणांनी प्रत्येकी पाच जणांना पाठविला तर पंचवीस होतात, आणि त्यांचे सव्वाशे. हे गणित आपली पाचवीची मुलेही करतील.

असे संदेश पाठविणारे सगळेच दुष्ट नसतात. बहुतेक आईबाप पोटच्या लेकरांच्या काळजीनेच ते पुढे ढकलतात. "मी तर फक्त पुढे पाठविले," असे मुलेही म्हणतात. परंतु काठी उगारणाऱ्या हाताला भीती पुरविली ती त्या पाठविण्यानेच. मुर्कीच्या प्रकरणात व्हॉट्सॲप ग्रुपच्या ॲडमिनलाही अटक झाली होती.

अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नये, हा नियम मुलांनी पाळावाच. संशय आला तर गुरुजींना, बाईंना किंवा घरी सांगावे. मोठ्यांनी ११२ वर पोलिसांना कळवावे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे. त्या माणसाचा फोटो वा व्हिडिओ ग्रुपवर टाकू नये. आलेला संदेश कोठला, केव्हाचा, कोणी पाहिले, हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले नाही तर तो आपल्याजवळच थांबवावा.

पालकांनी हे तीन प्रश्न आज रात्री जेवताना मुलांकडून वदवून घ्यावेत, आणि उद्या असा संदेश आपल्याच मोबाईलवर आला तर मुलांनी ते आपल्याला विचारावेत, एवढी मोकळीक घरात असू द्यावी, ही विनंती.