झाकले जाण्यापूर्वी

रायगड जिल्ह्यातल्या तळा तालुक्यातील घरांमध्ये दहावी-बारावीच्या निकालानंतर ‘सिव्हिल’चा विषय निघतो, तेव्हा चर्चा बहुधा तीन प्रश्नांभोवती फिरते: डिप्लोमा करावा की डिग्री, सरकारी भरतीची जाहिरात कधी निघेल, आणि शेवटी मुंबईच गाठावी लागणार का. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका आणि बारावीनंतरची चार वर्षांची पदवी असे दोन मार्ग आहेत, पदविकाधारकाला पदवीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, आणि शेजारच्या माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ असल्यामुळे त्यासाठी जिल्हा सोडावा लागतोच असे नाही. हे प्रश्न पोटापाण्याचे आहेत, त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही या पेशाकडे वळणाऱ्याने सर्वांत आधी स्वतःला विचारावा असा प्रश्न या चर्चेत क्वचितच निघतो: जे काम उद्या माती, काँक्रीट किंवा डांबराखाली जाणार आहे आणि पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडणार नाही, त्याची जबाबदारी स्वतःच्या सहीने घेण्याची तयारी आहे का?

स्थापत्य अभियांत्रिकी म्हणजे इमारती, रस्ते, पूल, धरणे आणि पाणीयोजना यांची आखणी, बांधणी व निगा यांचे शास्त्र, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकात सापडते. तळा परिसरात मात्र या शास्त्राचा मोठा भाग पाण्याशीच बांधलेला आहे, कारण वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास वा त्याहूनही अधिक पडणारा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो आणि उतारावरून खाडीकडे धावत सुटतो, तर उन्हाळ्यात त्याच डोंगराळ भागात टंचाई भासते. ही दुहेरी अडचण इथल्या बांधकाम करणाऱ्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होती. तळगड किल्ल्यावर कातळात ओळीने टाकी खोदलेली आहेत, आणि कुडा येथील २६ लेण्यांच्या समूहातही निवासाच्या खोल्यांसोबत पाण्याची टाकी कोरलेली दिसतात. तिथल्या प्राचीन शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये माळी, वैद्य, लोखंडाचा व्यापारी आणि महाभोज राजांचा लेखक यांचा उल्लेख आहे, म्हणजे कोणते काम कोणाच्या खर्चाने झाले हे दगडावर लिहून ठेवण्याची रीत या भूमीत सुमारे दोन हजार वर्षे जुनी आहे.

आजच्या अभियंत्याच्या कामाची अशी नोंद मोजमाप पुस्तिकेत होते. पुण्यात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी घडवणारा वर्ग सुरू झाला, पुढे त्याचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, आणि ब्रिटिश अमदानीतील बांधकाम खात्याच्या ज्या कार्यपद्धतीत हे अधिकारी तयार होत, तिच्या मुळाशी हीच पुस्तिका होती. ओढ्यावर साकव, म्हणजे कोकणातला छोटा पायपूल, बांधायचा झाला तर पायाचा खड्डा कठीण थरापर्यंत गेला आहे की नाही हे खड्डा उघडा असतानाच पाहावे लागते, त्याची लांबी, रुंदी आणि खोली त्याच वेळी लिहून घ्यावी लागते. एकदा काँक्रीट पडले की खालच्या हातभर मातीबद्दल पुस्तिका सांगेल तेच खरे मानावे लागते, आणि म्हणून कनिष्ठ अभियंत्याची ती साधी नोंद मंत्रालयातील कोणत्याही आदेशाइतकीच वजनदार असते.

स्लॅबच्या बाबतीतही असेच आहे. सळया सेंट्रिंगच्या फळ्यांना टेकू नयेत म्हणून त्यांच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे ठेवतात, त्यांना कव्हर ब्लॉक म्हणतात. आयएस ४५६ हे भारतीय मानक किनारी हवामानातील काँक्रीटसाठी सळईभोवती साधारणपणे ४५ मिलिमीटरचे आच्छादन मागते, कारण खाऱ्या हवेतील क्षार काँक्रीटमधून झिरपत सळईपर्यंत पोहोचले की लोखंड गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आतून दाब देऊन काँक्रीटचे पापुद्रे उडवतो. काम घाईत असले की कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे सरकवले जातात, आणि पायाखाली आलेली सळई तशीच दबलेली राहते. काँक्रीटचे चौकोनी ठोकळे २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून त्यांची ताकद तपासली जाते, पण आच्छादन किती उरले हे ती चाचणी सांगत नाही. ते काँक्रीट ओतण्याच्या सकाळी, मिक्सर सुरू असताना, मजूर ताटकळत असताना आणि ठेकेदार घड्याळ पाहत असताना वाकून बघावे लागते, आणि वेळ पडल्यास काम थांबवावे लागते. बावीस-तेवीस वर्षांच्या नवख्या पोराने किंवा पोरीने चाळीस वर्षे थापी चालवलेल्या मिस्त्रीला थांबवणे सोपे नसते. त्याचे शिक्षण वर्गात पुरेसे मिळत नाही, ही या अभ्यासक्रमाची खरी उणीव म्हटली पाहिजे.

झाकलेल्या कामाची जबाबदारी बांधणीबरोबर संपतही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा, १९२८ च्या सुमारास बांधलेला दगडी कमानींचा पूल पुराच्या लोंढ्यात वाहून गेला आणि दोन एस.टी. बसगाड्यांसह काही वाहने नदीत गेली. नदीच्या वेगाने पुलाच्या खांबांभोवतालची माती उपसली जाते, पण ही झीज पाण्याखाली होते आणि वरून जाणाऱ्याला पूल जसाच्या तसा दिसत राहतो. पुढच्या वर्षी जूनपर्यंत नवा पूल उभा राहिला. त्या वेगाचे कौतुक झाले आणि ते योग्यही होते. परंतु जुन्या पुलांच्या तपासणीचे, प्रत्येक पावसाळ्याआधी आणि नंतर खांबाच्या तळाशी जाऊन पाहण्याचे काम नव्या बांधणीइतक्याच प्रतिष्ठेचे मानले जाईल, तेव्हाच या पेशाची घडी नीट बसेल.

तळा तालुक्यात असे काम मुबलक आहे. मोऱ्यांची तोंडे मे महिन्यात मोकळी करून घेणे, साईडपट्टी कुठे खचते ते पाहणे, वाडीच्या वरच्या डोंगराला भेग पडली असेल तर वेळीच कळवणे, ही कामे ज्याला ओढे माहीत आहेत त्याच्याच हातून नीट होतात, आणि कोणता ओढा किती पावसात कुठवर चढतो हे इथे वाढलेल्या मुलामुलींना कॉलेजात जाण्यापूर्वीच ठाऊक असते. त्यांना जोड हवी असते ती जलविज्ञानाची, म्हणजे पाणलोटाचे क्षेत्र आणि पावसाची तीव्रता यांवरून एका सेकंदात मोरीतून किती पाणी जाणार ते काढण्याच्या गणिताची; मग सहाशे मिलिमीटरचा पाइप पुरेल की नऊशेचा लागेल हे अंदाजपत्रक मंजुरीला जाण्यापूर्वीच ठामपणे मांडता येते.