दह्याची वाटी

सांगलीतील एका हळद-अडत्याच्या घरी थोरल्या सूनबाईंना दोन मुलींच्या पाठीवर पुन्हा दिवस गेले. दुसरा महिना लागताच सासूबाईंनी पुष्य नक्षत्र पाहून वडाचे कोवळे कोंब मागवले. वडाचे फळ पंच-उदुंबरांपैकी, म्हणून घरात वर्ज्य. कोंबांपुरते मात्र त्यांनी आपल्या शंकेचे निरसन स्वतःच करून घेतले होते.

हा पुंसवनविधी चरकसंहितेच्या शारीरस्थानात आहे. वडाचे अंकुर आणि उडदाचे वा पांढऱ्या मोहरीचे दोन दाणे दह्यात घालून प्राशन करावयाचे, तेही गर्भाचे लिंग व्यक्त होण्यापूर्वी. व्यक्त होण्यापूर्वी ते पालटता येते, ही त्या काळची समजूत. निव्वळ डोळ्यांना ती खोटी वाटण्याचे कारण नव्हते. आरंभीच्या आठवड्यांत मुलाचा व मुलीचा गर्भ सारखाच दिसतो. परंतु १९०५ मध्ये नेटी स्टीव्हन्स व एडमंड विल्सन यांनी कीटकांच्या पेशींत लिंग ठरविणारी गुणसूत्रे ओळखली. मातेकडून नेहमी एक्स येते. पित्याकडून एक्स किंवा वाय. गर्भधारणेच्या क्षणीच सौदा झालेला असतो. पट्टी हाती येईपर्यंत भाव बदलेल, ही आशा व्यर्थ.

थोरल्या चिरंजीवांना हे महाविद्यालयातच कळले होते. तरीही ‘मुलींचीच कूस’ हे शब्द पत्नीला ऐकावे लागत असता ते वर्षानुवर्षे गप्प राहिले. त्या दिवशी मात्र म्हणाले, “आई, दोन्ही वेळा एक्स माझ्याकडूनच गेला. वाटी द्यायची तर मला दे.”

सासूबाई काही बोलल्या नाहीत. वाटी ओट्यावरच राहिली.

आदिपुराणात गर्भकाळातील क्रियांची नावे प्रीती, सुप्रीती, धृती, मोद अशी आहेत. मातेच्या मनाची व अन्नाची काळजी घेण्याच्या या परंपरेला अनुवंशशास्त्रही हसणार नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला. त्या उपासमारीत गर्भधारणा झालेल्यांच्या एका जनुकावरील मिथिलच्या खुणा साठ वर्षांनंतरही कमी आढळल्या. जनुक तेच, त्यावरील खुणा निराळ्या. अशा खुणा उमटण्यास बी-१२ जीवनसत्त्वाचे साहाय्य लागते, आणि शाकाहारी स्वयंपाकघरात ते दूध-दह्याखेरीज जवळजवळ नसतेच.

सूनबाईंच्या रक्तात ते कमीच निघाले. आता सासूबाई रोज दह्याची वाटी पुढे ठेवतात, कोंबांवाचून. शेजारी डॉक्टरांनी दिलेली गोळी. तीत जिलेटिन नाही ना, एवढे मात्र चष्मा लावून वाचून घेतात.